फाटे फुटणे व तुटणे, कुरळ्या केसांचे

केसाचे टोक उभे चिरून त्याचे दोन किंवा अधिक पदर होणे म्हणजे फाटे फुटणे. बोलीत अशा केसांना ‘दुतोंडी’ म्हणतात. ‘ट्रायकोप्टिलोसिस’ ही वैद्यकीय संज्ञा केस आणि पीस या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आली आहे. मधोमध तुटणे हा प्रकार निराळा. त्यात केसावर आधी पांढुरका ठिपका दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन कुंचले एकमेकांत रुतवल्यासारखा भासतो आणि केस तिथेच तुटतो.

केसाच्या बाह्यावरणाचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असून त्यांची मोकळी कड टोकाकडे असते. एक केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून टोकाकडे सरकवली तर तो गुळगुळीत लागतो. उलट दिशेने सरकवली तर खरखरतो. ही कौले झिजली की आतले तंतू उघडे पडतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी. वाढतो. म्हणजे ३६ सेंमी. लांब केसाच्या टोकाने सुमारे तीन वर्षांचे धुणे-विंचरणे सोसलेले असते.

कुरळा केस अधिक का तुटतो, हे तो कुरळा का होतो याच्याशी जोडलेले आहे आणि त्याबद्दल मतभेद आहेत. केसाचा लंबगोल आडवा छेद हे कारण जुन्या ग्रंथांत दिले जाते. पण नुसत्या छेदाने वळण सिद्ध होत नाही. दुसरे मत केसाच्या मुळाशी असलेल्या वाकड्या, असममित पुटकाला (केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील पिशवीला) महत्त्व देते. तिसरे मत लोकरीच्या अभ्यासातून आले. लोकरीच्या गाभ्यात दोन प्रकारच्या पेशी दोन बाजूंना वाटल्या गेल्याचे होरिओ व कोंडो या संशोधकांनी १९५३ साली दाखवले. पुढे मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीवरील २०१८ च्या संशोधनात वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी सरासरीने अधिक लांब आढळल्या. मानवी केसात ही वाटणी लोकरीइतकी स्पष्ट नसते. त्यामुळे पुटकाचा आकार मूळ कारण आणि पेशींची असमान मांडणी त्याचा परिणाम, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण कोणतेही असो, प्रत्येक पीळ व वळण हा ताण साठण्याचा बिंदू ठरतो. शिवाय टाळूचे तेल वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिबंधाचा गाभा घर्षण व ओढ कमी करण्यात आहे. याबाबत एक सल्ला सरसकट दिला जातो, तो म्हणजे ओले केस विंचरू नयेत. सरळ केसांपुरता तो योग्य आहे. घट्ट कुरळ्या केसांत मात्र कोरडेपणी कंगव्याला होणारा विरोध ओलेपणापेक्षा जास्त असल्याचे मोजमापांतून दिसून आले आहे. म्हणून कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांचा गुंता आधी बोटांनी, मग जाड दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून वर सरकत सोडवावा. मुळापासून ओढल्यास सगळे गुंते खाली एकाच गाठीत आवळले जातात आणि केस तुटून कंगव्यात येतो.

पाणी शोषल्यावर केस फुगतो व वाळताना आकसतो. हे वारंवार घडल्याने तो झिजतो. धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफूल व खनिज तेलांत हा गुण आढळला नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या रेळे व मोहिले या संशोधकांच्या प्रयोगांत दिसले. ओल्या केसाला तापलेले इस्त्रीयंत्र कधीही लावू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात. ब्लीचने केसातील गंधकाचे बंध तुटतात. सरळ करण्याच्या तीव्र अल्कधर्मी रसायनांनीही त्यांची मोडतोड होते.

घट्ट वेण्या, रोज एकाच जागी बांधलेला रबर व खरबरीत टॉवेलने पुसणे टाळावे. झोपताना सॅटिनचे कापड घर्षण कमी करते.

एकदा चिरलेले टोक पुन्हा सांधत नाही. सिलिकोनयुक्त द्रव्ये ते पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतात, इतकेच. धारदार कात्रीने चिरेच्या थोडे वर कापणे हाच उपाय आहे. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज मात्र निराधार आहे, कारण वाढ टाळूखालच्या मुळाशी होते.