बारा सिलिंडर कशासाठी होते?

फेब्रुवारी 2021मध्ये जग्वारने जाहीर केलं की 2025पासून आपण फक्त विजेवरच्या गाड्या बनवणार. जग्वारची मालकी 2008पासून टाटांकडे आहे, त्यामुळे या निर्णयाचं एक टोक मुंबईत आहे. त्याच सुमारास बेंटली, व्होल्वो आणि मर्सिडीज यांनीही 2030पर्यंत फक्त विजेवर जाण्याचा वायदा केला होता; मर्सिडीजने ‘बाजार साथ देईल तिथे’ अशी पळवाट आधीच ठेवली होती. मग 2024मध्ये मर्सिडीज मागे सरली, व्होल्वोने हायब्रीडला, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीला, जागा करून दिली आणि बेंटलीने मुदत 2035वर नेली. सप्टेंबर 2025मध्ये पोर्शनेही सांगितलं, की केवळ विजेवर येणार असलेली आमची नवी एसयूव्ही आधी पेट्रोल आणि हायब्रीडमध्ये येईल.

यावरून ‘पैसेवाल्याला इंजिनच हवं, विजेच्या गाडीला आत्मा नसतो’ असं बोललं जाऊ लागलं. आत्म्याचं राहू दे. महागड्या गाडीत इंजिन नेमकं काय करतं, ते पाहू.

सिलिंडर म्हणजे इंजिनातली नळी; तिच्यात इंधनाचा स्फोट होतो आणि पिस्टन वर-खाली होतो. आठ किंवा बारा सिलिंडर केवळ ताकदीसाठी नसतात. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) लावलेल्या दोन लिटरच्या चार सिलिंडरमधूनही आज 400च्या वर अश्वशक्ती निघते. बारा सिलिंडरचा खरा उपयोग थरथर मारण्यासाठी. ती थरथर येते कुठून, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

समजा पिस्टनची धाव 90 मिलिमीटर आहे आणि त्याला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशाफ्टशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड 145 मिलिमीटरचा आहे. क्रँकशाफ्ट पाव फेरा फिरला की पिस्टन निम्मा, म्हणजे 45 मिलिमीटर खाली यावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो 52 मिलिमीटर येतो आणि पुढच्या पाव फेऱ्यात उरलेले 38. कारण रॉड तिरका होतो आणि तिरका झाला की त्याची उभी उंची कमी भरते. पायथागोरसचा साधा हिशोब आहे, कागदावर करून बघा.

आता एका ओळीतले चार सिलिंडर घ्या. दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात, म्हणजे तोल साधला असं वाटेल. पण खाली येणारे 52 येतात आणि वर जाणारे 38च जातात. चौघांचा मिळून गुरुत्वमध्य 7 मिलिमीटर खाली सरकतो, पुढच्या पाव फेऱ्यात पुन्हा वर येतो. एका फेऱ्यात हे दोनदा घडतं. मिनिटाला 3000 फेऱ्यांना सेकंदाला 100 हादरे, आणि वेग दुप्पट झाला की हादऱ्याचा जोर चौपट. इंजिनाची रबरी माउंटिंग यातला काही भाग गिळतात, उरलेला सीटमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये येतो. यावर उपाय म्हणून इंजिनाच्या पोटात दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन वजनदार दांडे बसवतात. ती मलमपट्टी झाली.

एका ओळीतल्या सहा सिलिंडरची गंमत वेगळी आहे. त्यातले पिस्टन 0, 120 आणि 240 अंशांवर जोडीजोडीने असतात. वर सांगितलेला हादरा एका फेऱ्यात दोनदा, म्हणजे दुप्पट वेगाने येत असल्याने कोनही दुप्पट करायचे: 0, 240 आणि 480, म्हणजे पुन्हा 120. तिन्ही दिशा समान अंतरावर राहिल्या, बेरीज शून्य. चार सिलिंडरमध्ये 0 आणि 180चे दुप्पट 0 आणि 360 होतात, म्हणजे एकच दिशा, म्हणून हादरे साचतात. शिवाय सहामध्ये पुढचे तीन सिलिंडर मागच्या तिघांचं आरशातलं प्रतिबिंब असल्याने इंजिन डुलतही नाही. बारा सिलिंडर म्हणजे असे दोन ‘सहा’ एकाच क्रँकशाफ्टवर. त्यात दर 60 अंशांना एक स्फोट होतो, चार सिलिंडरमध्ये दर 180 अंशांना.

जग्वारने 1948मध्ये ओळीतल्या सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन आणलं आणि 1971मध्ये व्ही-12, म्हणजे व्ही आकारात दोन ओळींतले बारा सिलिंडर. कंपनीचं नाव झालं ते याच मऊपणावर. इलेक्ट्रिक मोटरमध्ये मात्र वर-खाली जाणारं काहीच नसतं, फक्त फिरणारं. जो तोल साधायला बारा सिलिंडर लागले, तो मोटरमध्ये मुळातच असतो. म्हणून रोल्स-रॉइसची 2023मध्ये आलेली विजेवरची स्पेक्टर ही त्या कंपनीच्या स्वभावाविरुद्ध जात नाही. तिची जवळपास 700 किलोची बॅटरी जमिनीखाली आहे आणि तिचं ओझं आवाज अडवायलाही वापरलं आहे.

मोटरमध्ये पूर्ण पिळाची ताकद (टॉर्क) शून्य वेगापासूनच मिळते, म्हणजे पाय जरा जास्त पडला की गाडी उसळते. नवी गाडी घेताना चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. 2025मध्ये दिल्लीत एक कोरी गाडी लिंबू चिरडण्याच्या नादात शोरूमच्या पहिल्या मजल्यावरून खाली पडली होती. दृष्ट काढताना गाडी गेली.

मात्र इंजिन गप्प झालं की त्याच्या मागे लपलेले आवाज पुढे येतात. मोटरला वीज तुकड्यातुकड्यांनी पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची बारीक शिट्टी असते, गिअरच्या दातांची कुई असते. पाय उचलून पुन्हा दाबला की दातांमधली फट भरताना ‘टक्’ होतं; ते टाळायला सॉफ्टवेअर ताकद क्षणभर हळूहळू चढवतं. टायरच्या पोकळीतली हवा साधारण 200 हर्ट्झला घुमते, म्हणून आत स्पंजचा पट्टा चिकटवतात. अशा टायरला पंक्चर झालं की तेवढ्या जागेचा स्पंज कापून मगच पॅच लावावा लागतो. गल्लीतला पंक्चरवाला ते न पाहता पॅच लावतो आणि तो सुटतो.

ज्यांचा माल मऊपणा नाही, त्या स्पोर्ट्स कारवाल्यांचं गणित उलटं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॉट-तास (वीजबिलातले 12 युनिट) ऊर्जा असते. इंजिनाने तीन चतुर्थांश उष्णतेत घालवली तरी 3 उरतात. एक किलो बॅटरी पॅकमध्ये मिळतात फक्त 0.15च्या आसपास. पोर्शची इंजिनवाली 911 दीड टनाच्या थोडी वर, विजेवरची टायकन दोन टनांच्या वर. वळणावर हे वजन कुठलंही सॉफ्टवेअर पुसू शकत नाही, कारण टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही. फेरारीने ऑक्टोबर 2025मध्ये आपल्या पहिल्या विजेवरच्या गाडीचं तंत्र दाखवलं: 122 किलोवॉट-तासांची बॅटरी आणि सुमारे 2300 किलो वजन. आवाजासाठी मागच्या धुऱ्यावर कंपन टिपणारा सेन्सर आहे. इलेक्ट्रिक गिटारसारखा तो मोटरचाच खरा आवाज मोठा करतो. स्पीकरमधून व्ही-12 वाजवण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. तरीही फेरारी आणि 911 यांनी इंजिन पूर्ण सोडू नये, असंच माझं मत.

जग्वारने सोडावं. चूक झाली ती वेळापत्रकात. ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री नोव्हेंबर 2024मध्येच थांबली, पुढच्या गाडीचा नुसता नमुना डिसेंबरमध्ये मायामीत दिसला. दुकान आधी रिकामं केलं आणि माल नंतर बनायला घेतला.

चार्जिंगचा बाऊ या वर्गात तरी करू नये. स्वतःच्या बंगल्यात थ्री-फेज जोडणी आणि महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार असला, की 11 किलोवॉटच्या चार्जरवर स्पेक्टरची 102 किलोवॉट-तासांची बॅटरी दहा-अकरा तासांत, म्हणजे रात्रीत भरते. साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर मात्र दीड दिवस जाईल.

खरी अडचण जुन्या गाडीच्या किमतीची आहे. जुनी व्ही-12 संग्राहकाला हवी असते, जुनी बॅटरी जुन्या मोबाइलसारखी दिसते. 2019च्या टायकनला 93.4 किलोवॉट-तासांची बॅटरी मिळत होती आणि ती जास्तीत जास्त 270 किलोवॉटने चार्ज होई. 2024मध्ये हेच आकडे 105 आणि 320 झाले. पहिल्या गाडीत काहीही बिघडलेलं नसताना तिचा भाव उतरला. कंपन्या साधारण 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, तीही क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर. पाच वर्षांनी गाडी परत कोणत्या भावात घेऊ, हे त्या हमीपत्रात नसतं.