पिल्लाला हात लागला की आई टाकून देते? खुलासा

"पक्ष्याच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला परत घेत नाही" हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय आणि आता पोरांनाही तेच सांगतो. पण तसं होत नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी असे पक्षी पिल्लू ओळखतात ते मुख्यतः आवाजावरून आणि घरट्याच्या जागेवरून, हाताच्या वासावरून नाही. अभ्यासक पिल्लांच्या पायात कडी घालून त्यांना परत घरट्यात ठेवतात, तरी आईबाप भरवतच राहतात. कावळीण तर कोकिळेचं पिल्लूसुद्धा भरवते!

मग पिल्लू खाली दिसलं तर मुलांना सांगा, आधी पिसं बघ. पिसं आलीत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे ते उडायला शिकतंय, राहू दे तिथंच, मांजर फिरत असेल तर फार तर जवळच्या झुडपात ठेव. उघडं गुलाबी असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवायचं, मग हात साबणाने धुवायचे.

खात्री करायचीय? लांब खिडकीतून तासभर गप्प बघत बसा. चोचीत अळी धरून आई येते, पिल्लू पंख थरथरवत चोच उघडतं, पोरं हरखून जातात अगदी. मात्र जवळ गर्दी करून उभे राहिलात तर ती घाबरून येतच नाही, आणि मला वाटतं हा गैरसमज तिथूनच आला असावा.