दोन अ‍ॅपवर दोन भाव, मग ब्रोकर मधले पैसे खातो का?

‘ब्रोकर शेअरचा भाव स्वतः फुगवतो आणि फरक खिशात घालतो’, हा मेसेज जुनाच. वाशीहून निघालेल्या लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलवर ४१२.३५ आणि आपल्यावर ४१२.५० दिसलं, की तो खराही वाटतो.

पण सौदा जुळतो एक्सचेंजवर, म्हणजे एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारात. आधी चांगल्या भावाची ऑर्डर जुळते, भाव सारखा असेल तर आधी आलेली. ब्रोकर फक्त ऑर्डर पोहोचवतो. मग फरक कुठून? अनेकदा दोन अ‍ॅपवर दोन वेगळी एक्सचेंज निवडलेली असतात. तिथले खरेदीदार-विक्रेते वेगळे, म्हणून भावात काही पैशांचं अंतर. शिवाय अ‍ॅप प्रत्येक सौदा दाखवतंच असं नाही. खाडीपुलावर नेटवर्क अडखळलं, तर जुनाच आकडा दिसत राहतो.

तपासायचं असेल तर आधी दोन्हीकडे एकच एक्सचेंज निवडा. मग कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेलं सौद्याचं बिल, उघडा: सौद्याची वेळ, भाव आणि दलाली त्यात लिहिलेली असते. सौदा क्रमांक एक्सचेंजच्या संकेतस्थळावरही पडताळता येतो.

एक्सचेंजबाहेर स्वतःचेच भाव देणारे परकीय चलनाचे परदेशी प्लॅटफॉर्म मात्र वेगळे. तिथे ही शंका अगदीच निराधार नाही.