‘कट’ म्हटलं की मेंदूत काय होतं?

बेळगावच्या खडेबाजारात कान उघडे ठेवून फिरा. ‘फोन कट झाला गा’, ‘रिक्षानं कसला कट मारला बघ’, ‘एजंटाचा कट धरून किती पडतंय?’, ‘शेवटचा तास कट करून आलो’. जिमला जाणारी पोरं पोटावरच्या कट्सबद्दल बोलतात, शिंपी ब्लाउजच्या कटबद्दल. कापण्याचा मूळ अर्थ या सगळ्यांत कुठे ना कुठे सापडतोच: बोलणं तुटलं, वाट आडवी छेदली, पैशातून हिस्सा काढला. इंग्रजांच्या देशात हा शब्द आणखी भटकला. तिथे ओळखीचा माणूस समोर दिसूनही न दिसल्यासारखं करणं म्हणजे त्याला कट करणं, आणि ‘हाफ कट’ म्हणजे थोडी चढलेला.

असं काही ऐकलं की इंग्रजीनं मराठी बिघडवली म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्येच दाखवलं होतं, की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही जास्त. चौपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला अर्थ साधारण दुप्पट असतात. शब्द कामाचा असला की माणसं त्याला नवनवी कामं सांगतात, इतकंच.

आपल्याकडे मात्र या इंग्रजी कटशी काडीचंही नातं नसलेले आणखी दोन कट आहेत. होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवायची, चाळणीवर निथळायची. खाली उतरतं ते दाटसर पिवळं पाणी म्हणजे कट. त्याचीच कटाची आमटी. शेजारच्या कन्नड घरात तिला ‘कट्टिन सारु’ म्हणतात. तिसरा कट कुणाविरुद्ध रचतात तो.

एकाच मुळातून फुटलेले अर्थ आणि योगायोगानं एका आवाजात आलेले अर्थ, या दोहोंशी मेंदू वेगवेगळा वागतो. जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इंग्रजी शब्दांवर हे तपासलं. दाखवलेला शब्द खरा की बनावट, एवढंच लोकांनी सांगायचं होतं. अर्थ एकमेकांचे नातलग असतील तर शब्द पटकन ओळखला जाई. परके असतील तर उशीर होई. म्हणजे अर्थांची गर्दी स्वतः त्रासाची नाही, परक्यांची गर्दी त्रासाची.

बोलणं ऐकताना काय घडतं, ते डेव्हिड स्विनी यांच्या १९७९ च्या प्रयोगात दिसलं. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडाही आणि चोरून ऐकायचं यंत्रही. संदर्भ अगदी स्पष्टपणे किड्यांचा होता, तरी तो शब्द कानावर पडताच पडद्यावर ‘मुंगी’ आलं काय किंवा ‘हेर’ आलं काय, लोक दोन्ही शब्द इतर शब्दांपेक्षा चटकन आणि सारख्याच चपळाईनं ओळखत. मग अवघी तीन अक्षरं पुढे गेली की हेराला मिळणारा फायदा संपलेला असे. संदर्भ दार अडवत नाही. सगळ्यांना आत घेतो आणि नको त्यांना लगेच बाहेर काढतो.

आता सीमाभागातल्या मुलाचा विचार करा. कन्नडमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं, कापण्याच्या जवळजवळ उलट. दोन भाषा येणारा माणूस एक ऐकताना दुसरी बंद ठेवतो का? मायकेल स्पिव्ही आणि व्हियोरिका मारियन यांनी १९९९ मध्ये नजरेचा माग घेऊन याचं उत्तर शोधलं. अमेरिकेत राहणाऱ्या रशियन भाषकांना रशियनमध्ये सांगितलं, टपालाचं तिकीट (‘मार्का’) उचलून ठेव. त्यांची नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनकडे जाई. इंग्रजीचा एक शब्दही कुणी उच्चारला नव्हता.

हा प्रयोग खानापुरात, निपाणीत, चिकोडीत व्हावा असं मला मनापासून वाटतं. दोन्ही भाषा बोलतच वाढलेली मुलं इथे गल्लोगल्ली आहेत. टेबलावर कानातली बाळी ठेवायची, शेजारी एक केळं आणि इतर दोनचार वस्तू. मुलाला मराठीत सांगायचं, ‘बाळी उचल’. केळ्याला कन्नडमध्ये ‘बाळे हण्णु’ म्हणतात. ‘बाळ्’ एवढं ऐकून त्याची नजर आधी कुठे जाते, ते कॅमेऱ्यात टिपायचं. फक्त मराठी येणाऱ्या मुलांशी ते ताडून पाहायचं. माझा अंदाज असा, की दोन भाषांच्या मुलाची नजर केळ्याला शिवून मगच बाळीवर येईल.