डेटाबेसमधील कस्टम फंक्शन आणि स्क्रिप्ट

डेटाबेस प्रोग्राममध्ये मुळात नसलेला हिशोब किंवा क्रिया आपणच लिहून त्यात बसवली, की तिला कस्टम फंक्शन म्हणतात. बेरीज, सरासरी, दोन तारखांमधले दिवस अशी फंक्शने प्रोग्रामबरोबर तयार येतात. सात-बाऱ्यावरच्या हेक्टर-आरचे एकर-गुंठे मात्र त्यांतले एकही करून देत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला बाग केवढी म्हणून विचारले, तर तो एकर-गुंठ्यांतच सांगतो. ही सोय नाशिकमधल्या प्रोग्रामरलाच करावी लागते.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एक एकर. सात-बाऱ्यावर ०.८० हेक्टर असेल तर ८,००० चौरस मीटर, म्हणजे ७९.०७ गुंठे, उत्तर १ एकर ३९ गुंठे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत हे चार-पाच ओळींचे काम आहे. एस्क्यूलाइट या डेटाबेसला फंक्शनचे नाव, त्याला किती किमती (म्हणजे मूल्ये) द्यायच्या ती संख्या आणि लिहिलेला कोड एवढे सांगितले, की ते क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, कुठेही वापरता येते. नाव देवनागरीत ठेवले तरी चालते. ‘गुंठे(क्षेत्र)’ असे सरळ लिहावे.

यात एक चूक हमखास होते. ०.४० हेक्टरचे ३९.५४ गुंठे होतात. आधी एकर वेगळे काढून उरलेले गुंठे नंतर पूर्णांकात आणले, तर ‘० एकर ४० गुंठे’ असे उत्तर छापून येते. आधी सगळे गुंठे पूर्णांकात आणावेत, मग ४० ने भागावे. तेव्हा १ एकर ० गुंठे मिळतात. अशी दुरुस्ती एका जागी करता येणे हा कस्टम फंक्शनचा सर्वांत मोठा फायदा. हेच सूत्र दहा रिपोर्टांत उतरवलेले असेल, तर नऊ दुरुस्त होतात आणि दहावा राहून जातो.

स्क्रिप्ट वेगळी. फंक्शन किंमत घेते आणि उत्तर देते. स्क्रिप्ट कामांची साखळी चालवते. संध्याकाळी दिवसभराच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचा, गोषवारा काढणे, बाहेरून आलेली फाइल तपासून तक्त्यात भरणे ही स्क्रिप्टची कामे. नोंद पडताक्षणी आपोआप चालणाऱ्या तुकड्याला ट्रिगर म्हणतात.

मराठी मजकुरासाठी तर स्वतःच्या फंक्शनशिवाय गत्यंतर नाही. ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. कोणी त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप करतो, कोणी र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडतात. तुलनेआधी दोन्ही रूपे एक करणारे छोटे फंक्शन लावले की प्रश्न मिटतो. आकड्यांचेही तसेच: ‘१२’ हे देवनागरीत लिहिले असेल, तर एस्क्यूलाइट त्याचे संख्येत रूपांतर करताना शून्य धरते. पायथॉनला मात्र देवनागरी आकडे कळतात, त्यामुळे तिथले फंक्शन मधे घातले की बेरीज बरोबर येते.

अकारविल्हे यादीत आणखी एक पेच असतो. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी जाऊन बसते. शाळेत शिकलेला क्रम हवा असेल, तर क्रमवारीचा नियम स्वतः लिहून डेटाबेसला द्यावा लागतो. एस्क्यूलाइटमध्ये तशी सोय आहे.

फंक्शन लिहिण्याआधी व्यवहार समजून घेणे किती गरजेचे असते, ते कांद्यावरून दिसते. तारखेवरून हंगाम सांगणारे ‘हंगाम(तारीख)’ हे फंक्शन लिहायला सोपे वाटते. पण ऑक्टोबरमध्ये लासलगावच्या बाजारात चाळीतला उन्हाळ कांदाही असतो आणि नवा लाल कांदाही येऊ लागतो. तारीख एकच, भाव वेगळे. म्हणून फंक्शनला तारखेबरोबर कांद्याचा प्रकारही द्यावा लागतो, आणि तो पावतीवर नोंदवलेलाच नसेल तर कितीही हुशार कोड लिहून उपयोग नाही.

डेटाबेस वाढवता यावा हा विचार जुना आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात वापरणाऱ्याचे स्वतःचे डेटाप्रकार आणि फंक्शने हा मूळ उद्देशांपैकी एक होता. ओरॅकल या डेटाबेसने १९९२ च्या सातव्या आवृत्तीत साठवलेल्या प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन ठेवलेले कोडचे तुकडे, आणल्या, मायएस्क्यूएलने २००५ मध्ये.

फंक्शन नेमके राहते कुठे, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. पोस्टग्रेसमधूनच पुढे आलेल्या पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये ते डेटाबेसमध्येच साठते आणि बॅकअपबरोबर जाते. एस्क्यूलाइटमध्ये बाहेरून नोंदवलेले फंक्शन फाइलमध्ये नसते. प्रोग्राम डेटाबेसला जोडलेला असतो तेवढ्या जोडणीपुरतेच ते जिवंत असते. तीच फाइल दुसऱ्या साधनात उघडून ते फंक्शन वापरले की ‘असे फंक्शन नाही’ हा निरोप येतो. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये व्हीबीए या त्याच्या अंगच्या भाषेत लिहिलेले फंक्शन क्वेरीत छान चालते, पण बाहेरचा प्रोग्राम ती क्वेरी चालवू पाहतो तेव्हा अडतो. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामची कहाणी याहून बोलकी आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ साली आली, तीच शेवटची, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला. त्यातले तक्ते आजही सहज दुसरीकडे नेता येतात. व्याज, तूट, हमालीचे नियम मात्र जुन्या कोडमध्ये अडकून राहतात आणि ओळ न् ओळ वाचून नव्याने लिहावे लागतात.

परक्या स्क्रिप्टबाबत सावध राहावे, कारण डेटाबेसच्या आत चालणारा कोड फाइल पुसूही शकतो. म्हणूनच एस्क्यूलाइटमध्ये बाहेरची एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचे तयार कोड, लोड करणे मुळात बंद असते, अ‍ॅक्सेस अनोळखी फाइलमधला कोड परवानगीशिवाय चालवत नाही, आणि पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये पायथॉन फंक्शन तयार करण्याचा अधिकार फक्त सुपरयूजरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, असतो.

वेगाचे गणितही आहे. क्वेरीच्या अटीत ‘गुंठे(क्षेत्र) ४० पेक्षा जास्त’ असे लिहिले, तर लाख नोंदींसाठी फंक्शन लाखदा चालते आणि क्षेत्रावरचा साधा इंडेक्स, म्हणजे शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची, कामी येत नाही. फंक्शनच्या उत्तरावरच इंडेक्स बांधता येतो, पण त्यासाठी एका किमतीला नेहमी एकच उत्तर मिळते असे जाहीर करावे लागते. पोस्टग्रेएस्क्यूएल हे जाहीर केलेले खरे मानते. पुढे फंक्शनमधला नियम बदलला, तर इंडेक्समध्ये जुनीच उत्तरे राहतात. तो पुन्हा बांधेपर्यंत क्वेरी चुकीच्या नोंदी दाखवत राहते.