घडी घातलेल्या टॉवेलांना आग कशी लागते?

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ लाँड्री चालवणाऱ्या एका मित्राचा सकाळी सातला फोन आला. ‘दुकानात जळका वास येतोय, आणि जळलेलं काहीच दिसत नाही.’ ड्रायर रात्री नऊलाच बंद केलेला, प्लगही काढलेला. मी तिथे जाऊन शोधता शोधता भिंतीजवळच्या टोपलीवर हात टेकला तर ती बाहेरून चांगलीच गरम. टोपली तशीच उचलून रस्त्याच्या कडेला नेली आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. (ढीग आधी विस्कटला असता तर आत हवा शिरून भडका उडाला असता. हे मला माहीत होतं म्हणून नव्हे, घाबरून केलं.)

आत एका पंचकर्म केंद्राचे चाळीसेक टॉवेल होते, धुऊन, वाळवून, घड्या घालून रचलेले. वरचे पाच-सहा स्वच्छ पांढरे. खाली पिवळट, मग चहाच्या रंगाचे. बरोबर मध्यावर ताटलीएवढा काळा डाग, त्यातला ओला कोळसा बोटाला लागत होता. आणि तळाचे टॉवेल पुन्हा पांढरे!

मित्राचा संशय शॉर्टसर्किटवर. शेजारच्या दुकानदाराचा कुणीतरी फेकलेल्या बिडीवर. झाडलोट करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘बाहेरचं काहीतरी असेल.’ पण बाहेरून लागलेली आग बाहेरून आत जाते. ही आतून बाहेर निघाली होती. गुन्हेगार होतं टॉवेलात उरलेलं तिळाचं तेल.

तेल जळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे ठिणगी नव्हती. मग झालं काय?

जवसाचं तेल काचेवर पसरून ठेवलं तर काही दिवसांत त्याचा चिवट पापुद्रा होतो. आपण म्हणतो तेल ‘वाळलं’. प्रत्यक्षात त्यातून फारसं काही उडून गेलेलं नसतं, उलट हवेतला ऑक्सिजन आत आलेला असतो. तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. काही साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. तो निसटला की त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो. हा नवा रेणू शेजारच्या साखळीतला सैल हायड्रोजन ओढून घेतो, मग तिथे ऑक्सिजन बसतो, मग पुढची साखळी. प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णता बाहेर पडते. ज्योत नाही, धूर नाही, पण जात तीच, जळण्याची.

कुठलं तेल किती घातक याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं तो हा आकडा, म्हणजेच दुहेरी बंधांची मोजदाद. खोबरेल ६ ते ११. शेंगदाणा ८५ ते १०५. तीळ १०४ ते १२०. सूर्यफूल आणि सोयाबीन १२० ते १४०च्या आसपास, करडई त्याहून थोडी वर, आणि जवस थेट १७० ते २००. म्हणून खोबरेलाची बाटली वर्षभर चिकट होत नाही, आणि सोयाबीन तेलाची किटली बाहेरून कायम चिकट असते.

तेलाचा डबा मात्र स्वतःहून कधी पेटत नाही, कारण हवा फक्त वरच्या पृष्ठभागाला लागते. कापड इथे सगळं गणित बदलतं. एक घन सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तेवढाच कापूस १५ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंमध्ये ओढला तर पृष्ठभाग होतो सुमारे २,७०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाची चार पानं. वजन दीड ग्रॅम! या चार पानांवर तेलाचा पातळ थर पसरला की जवळजवळ प्रत्येक रेणूला हवा मिळते.

आता ढिगाकडे या. उष्णता तयार होते ढिगाच्या आकारमानात, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. बाहेर जाते पृष्ठभागातून, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. ढीग दुप्पट मोठा केला तर कमाई आठपट, खर्च चौपट. शिवाय तापमान १० अंश वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, तर उष्णता बाहेर जाण्याचा वेग मात्र तापमानातल्या फरकाच्या सरळ प्रमाणात वाढतो. आलेखावर कमाईचा एक वक्र आणि खर्चाची एक सरळ रेषा काढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे ढीग कोमट राहून थांबतो. वक्र पूर्णपणे रेषेच्या वर गेला की थांबायला जागाच उरत नाही. निकोलाय सेम्योनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९२८मध्ये हे गणित मांडलं. साखळी अभिक्रियांवरच्या कामासाठी १९५६चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं. आलेख डोक्यावरून गेला असेल तर लासलगावच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, कांद्याची चाळ अरुंद का बांधतात आणि खालून फटी का ठेवतात. ढीग आतून तापतो, हे त्याला सेम्योनोव्हशिवाय कळलेलं असतं.

ड्रायर या गणितात काय करतो? ढिगाला उंचावरून सुरुवात करून देतो. ३०ऐवजी ७० अंशांना टॉवेल बाहेर काढले की वेग चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. ते तसेच गरम घडी घालून रचले की झाली तयारी. रात्रभराचा वेळ पुरतो.

ही काही प्रयोगशाळेतली गंमत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ला फिलाडेल्फियात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर लाकूडकामाची जवस तेलाची फडकी अशीच पेटली. आठ मजले जळाले, तीन अग्निशामक जवान गेले. आग अडली ती ३०व्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरमुळे.

हे वाचून कुणी ‘म्हणजे भानामतीत कपडे पेटतात ते खरंच!’ असं म्हणू नये. दांडीवरच्या साडीचा, ट्रंकेतल्या कोऱ्या शर्टाचा याच्याशी संबंध नाही. तेल, ढीग आणि ऊब, तिन्ही लागतात. भानामतीत हात माणसाचाच असतो, बहुधा घरातल्याच, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

घरगुती ड्रायरमध्ये जास्त आढळणारा शत्रू मात्र दुसरा, कपड्यांतून सुटणारा धागाकचरा. तो ड्रायरच्या आतल्या जाळीवर जमतो, उरलेला गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपात. वरचं चार पानांचं गणित इथेही लागू आहे, ओंडका पेटायला वेळ घेतो, पिंजलेला कापूस नाही. पाइप तुंबला की हवा मंदावते, हीटरची उष्णता आतच साचते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१०च्या नोंदींवरून काढलेला अंदाज, निवासी इमारतींत वर्षाला सुमारे २,९०० ड्रायर-आगी, आणि सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के, सफाई न करणं.

नाशिकच्या फ्लॅटांमध्ये यात कबुतरांची भर आहे. ती पाइपात घरटं करतात म्हणून आपण बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी ठोकतो, आणि महिन्याभरात तिच्यावर धागाकचऱ्याचा नमदा बसतो. जाळी काढा, हवेने उघडणारं आणि एरवी मिटणारं झाकण बसवा. पाइप धातूचा, गुळगुळीत आणि शक्य तितका आखूड हवा. पन्हळीच्या प्लास्टिक पाइपात प्रत्येक घडी कचरा धरून ठेवते. आतली जाळी दर खेपेला साफ करायची. कपडे मऊ करणारं द्रव्य वापरत असाल तर कधीतरी तिच्यावर पाणी ओतून पाहा. पाणी वरच थबकलं तर चिकट थर बसलाय, साबण आणि जुना टूथब्रश घ्या. कंडेन्सर किंवा हीट पंपाच्या मशिनला बाहेर पाइप नसतो, कचरा मात्र असतोच. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की मशिन म्हातारं झालं असं न म्हणता आधी पाइप बघा.

आणि रविवारच्या मिसळीनंतर तर्री पुसलेलं फडकं ड्रायरमध्ये नकोच. थंड पाण्याच्या धुण्यात तेल पुरतं निघत नाही. गरम पाण्यात धुवा आणि दोरीवर टाका. ड्रायर शेवटची काही मिनिटं नुसती गार हवा फिरवतो, ती वीज वाचवायला मध्येच तोडू नका. आतून धूर दिसला तर दार उघडू नका, मेन स्विच बंद करा आणि १०१ लावा.

मित्राने आता दुकानात सहा दोऱ्या बांधल्या आहेत. पंचकर्माचे टॉवेल ड्रायरमधून निघाले की आधी तिथे लटकतात, पार गार झाल्यावर त्यांची घडी. दुकान अडगळीचं दिसतं, गिऱ्हाइकांच्या डोक्याला टॉवेलांचे कोपरे लागतात. मावशींनी दाराला लिंबू-मिरचीही बांधली आहे. ती त्याने काढलेली नाही, टोपली मात्र फेकून दिली.