देशाची गाणी आणि आपली कोकणातली चाल : थोडं मागचं

१५ ऑगस्ट जवळ आला की दरवर्षी एकच वाद निघतो, स्पीकरवर ही गाणी लावून खरंच देशप्रेम वगैरे वाढतं का नुसता कानाला त्रास. तो वाद चालू दे. पण ह्या गाण्यांमागे आपल्या किनाऱ्याचा केवढा हात आहे हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्याच पोरांना माहीत नसतं, म्हणून हे लिहितोय.

सगळे टिळकांपासून सुरुवात करतात, ठीक आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणपतीची चळवळ, त्यात मेळे, मेळ्यात पोरं रांगेत उभी राहून गाणी म्हणायची, चाल लोकांच्या तोंडातली आणि शब्द सरकारला झोंबणारे, मग सरकारने मेळ्यांवर बंधनं घातली. पण गंमत बघा, टिळक जन्माने रत्नागिरीचे आणि मेळे रंगले पुण्या-मुंबईत. कोकणात गणपती घरचा तो घरचाच राहिला.

म्हणजे आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. आपल्याकडे भजन होतं आणि जाखडी होती. ज्यांनी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाखडीत मधे शाहीर ढोलकीवाल्याला घेऊन बसतो, भोवती पोरं गोल करून एका पायात चाळ बांधून नाचतात, शाहीर ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात. ओळ दोनदा कानावर पडली की बघायला आलेली माणसंपण म्हणायला लागतात. शक्तीवाले आणि तुरेवाले, म्हणजे समोरासमोरचे दोन पक्ष, एकमेकांवर सवाल टाकतात, आणि चाली? पूर्वी गवळणीच्या, आता सरळ सिनेमाच्या. तिकडे खाली सिंधुदुर्गात डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा हेच करतात, गाजलेल्या गाण्याची चाल उचलायची आणि त्यावर गजर, म्हणजे सगळ्यांनी फिरून फिरून म्हणायची ओळ, बसवायचा. कारगिलच्या वर्षी आमच्या वाडीत गणपतीत जे गाणं झालं त्याची चाल एका प्रेमगीताची होती आणि शब्द सगळे टायगर हिल आणि द्रास. कुणाला काही खटकलं नाही. चाल ओळखीची होती म्हणूनच तर आजीबाईंपासून सगळे म्हणत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाणं देशाचं व्हायला त्यात देशाचं नाव असून भागत नाही, ते गळा नसलेल्या माणसालापण चारचौघांत म्हणता आलं पाहिजे. आणि हे जमलेली दोन माणसं ह्याच किनाऱ्यावरची आहेत.

पहिले साने गुरुजी, दापोली तालुक्यातल्या पालगडचे, जन्म १८९९. 'बलसागर भारत होवो' मधे देश सरळ नावानिशी आहे, ते चळवळीतलं गाणं. ज्या 'पत्री' संग्रहात त्यांच्या अशा कविता होत्या तो ब्रिटिश सरकारने जप्त केला होता. पण शाळाशाळांत जास्त टिकली ती प्रार्थना, 'खरा तो एकचि धर्म'. तिच्यात भारत हा शब्दच नाही! शोधून बघा. जग आहे, प्रेम आहे, दीनदुबळे आहेत, देशाचं नाव कुठेच नाही आणि तरी महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना आपण एका देशाचे लोक आहोत हे जे काय शाळेत वाटलं असेल त्यात ह्या प्रार्थनेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

दुसरे वसंत देसाई. ह्यांचं नाव आपल्याकडे जेवढं घ्यायला पाहिजे तेवढं घेतलं जात नाही ही माझी जुनी तक्रार आहे. कुडाळजवळच्या सोनवड्याचे, जन्म १९१२, म्हणजे भजन-दशावतारच्या मुलखातलं पोर, मग प्रभातमधे शिरले आणि पुढे शांतारामबापूंचे संगीतकार झाले. १९५३ च्या 'श्यामची आई'चं संगीत त्यांचंच, म्हणजे पालगडच्या माणसाच्या पुस्तकावर अत्र्यांनी काढलेला सिनेमा आणि चाली सोनवड्याच्या माणसाच्या. १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' मधली कैद्यांची प्रार्थना 'ऐ मालिक तेरे बंदे हम', १९७१ ला 'गुड्डी' मधली 'हमको मन की शक्ती देना', ह्या दोन्ही प्रार्थना देशभर शाळांत रोज सकाळी म्हटल्या गेल्या, बिहारच्या पोराला ही चाल कुडाळकडच्या माणसाची आहे हे कुठून कळणार. १९६६ ला एम. एस. सुब्बुलक्ष्मी युनोत गायल्या त्यातल्या 'मैत्रीम् भजत'ची चालसुद्धा देसाईंची.

आणि १९६२ च्या चीन युद्धानंतरचं 'जिंकू किंवा मरू'. चाल देसाईंचीच, शब्द गदिमांचे, सिनेमा 'छोटा जवान', साल १९६३. त्याच वर्षी २७ जानेवारीला दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हटलं, चाल सी. रामचंद्रांची, ते सगळ्यांना माहितीये. दोन्ही एकाच जखमेतून आलेली, पण वतनवालं गाणं ऐकायचं गाणं आहे, ते लताबाईंनीच म्हणावं, आपण म्हणायला गेलो की वरच्या पट्टीत फजिती होते. 'जिंकू किंवा मरू'चं तसं नाही, पाचवीचा अख्खा वर्ग बेसूर ओरडला तरी ते गाणं उभंच राहतं. ओळ छोटी, श्वास घ्यायला जागा आणि फिरून फिरून तेच तीन शब्द. आता ह्याला कुणी भजनातला गजर म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

आता अवघड भाग, गोवा. आजोळ बांद्याकडे असल्याने हे घरात ऐकलेलं आहे. १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि बांद्याच्या पुढे गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीज तसेच. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून आत शिरले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे आंबोलीच्या जंगलातून गोवा मुक्तीचा गुप्त रेडिओ सुरू झाला, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो चालवायचे, कोकणी आणि पोर्तुगीजमधे, नंतर तो कॅसलरॉककडे हलवला. त्याच्या आधीच्या वर्षी दादरा-नगर हवेली सोडवायला जी मंडळी गेली त्यात चक्क सुधीर फडके होते. आपले बाबूजी! नुसतं गाऊन थांबले नाहीत, गोव्याच्या लढ्यात पकडलेले मोहन रानडे १९६९ ला पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटेपर्यंत त्यांच्यासाठी खटपट करत राहिले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, इथपर्यंत सगळ्यांचं गाणं एक. पण तोपर्यंत इकडे दुसरं काहीतरी झालेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठ्यांच्या 'माझी मैना'ने मुंबईतल्या कामगाराला रडवलं होतं, बायको गावाला राहिलीये ह्या दुःखातून ती छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिले त्यावर येते, आणि गिरणीत राबणारा आपला चाकरमानी तर बायकोपोरं गावी ठेवूनच आलेला, त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती. मग १९६० ला 'गर्जा महाराष्ट्र माझा', राजा बढे, खळे आणि शाहीर साबळे. आपल्याकडे बऱ्याच जणांनी धरूनच चाललेलं की गोवा आता ह्या गाण्यात येणार.

नाही आला. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात ओपिनियन पोल झाला, महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं, दोन पानं ३४ हजारांच्या आसपास मतांनी जिंकली. त्या प्रचारात उल्हास बुयांव गावोगाव कोकणी गाणी गात फिरले आणि त्या गाण्यांनी हवा फिरवली असं तिकडची जुनी माणसं आजही सांगतात. विलीनीकरणाच्या विरोधात जोरात लिहिणारा 'राष्ट्रमत' मात्र मराठी पेपर होता. आणि दोन पानांना मत देणाऱ्या घरांतही आरत्या मराठीत, भजनं तुकोबांची! आमचे आजोबा ह्यावर शेवटपर्यंत कुरकुरत राहिले, मला मात्र त्यात फसवणूक वगैरे दिसत नाही. देवासमोर एका भाषेत आणि सभेत दुसऱ्या भाषेत गाणारी माणसं ह्या किनाऱ्यावर कायमच होती.

'गर्जा महाराष्ट्र' १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत झालं, आता सरकारी कार्यक्रमात उभं राहून ऐकायचं. त्यात नद्या आहेत रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी. कोकणातली एक नाही. आमच्या वाडीतल्या जाखडीवाल्यांनी मागच्या गणपतीत त्याच चालीवर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी सगळ्या कोंबून गाणं केलं, मीटर दोन ठिकाणी मोडलं, त्यावर समोरच्या तुरेवाल्यांनी लगेच सवाल टाकला की गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल का विसरलात, आणि आमच्या शाहिराला उत्तर सुचेना.